नागपूरच्या थंडीत घराबाहेरचे कौटुंबिक फोटो : ऊब आतल्या थरात, देखणेपण वरच्या थरात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंबाझरी तलावाच्या काठावर सकाळी ७ वाजता घरच्या सहा जणांचे फोटो काढायचे आहेत. ७४ वर्षांचे आजोबा, आजी, तुम्ही नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि १४ महिन्यांचं बाळ. सगळ्यांना पारंपरिक वेश हवा आहे. पण स्वेटर घातला की साडी झाकली जाते आणि काढला की आजी कुडकुडतात.

कपड्यांच्या आधी वेळेचं बघू, कारण निम्मी अडचण तिथेच सुटते. डिसेंबरअखेर नागपुरात सूर्य ६.४५ ते ६.५० च्या सुमारास उगवतो. ७ वाजता तो जेमतेम वर आलेला असतो. झाडांआडून ऊन अंगावर यायला सव्वासात-साडेसात होतात, तळ्यावर धुकं असेल तर त्याहून उशीर. पहाटेचा पारा या दिवसांत साधारण १० ते १३ अंशांवर असतो आणि थंडीची लाट आली की बराच खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर उतरला होता. म्हणजे ७ ला सहाही जणांना उभं करायचं तर सगळ्यात गार वेळ आणि सगळ्यात कमी उजेड असे दोन्ही तोटे पदरात घ्यायचे. त्यापेक्षा साडेसातला तुम्ही दोघं आणि मुलगी पोहोचा, तुमचे फोटो आधी उरकून घ्या. आजी-आजोबा आणि बाळ सव्वाआठला आले तरी चालतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेकडून कललेलाच जातो, त्यामुळे साडेनऊपर्यंत ऊन तिरपं मिळतं. एकत्र फोटोची वेळ साडेआठ धरा.

संध्याकाळी ४.३० ते ५.३० हाही चांगला पर्याय आहे. ऊन सोनेरी असतं, हवा उबदार असते. मात्र ५.४० च्या आसपास सूर्य मावळला की आपलं कोरडं, निरभ्र आकाश जमिनीची ऊब फार वेळ धरून ठेवत नाही, गारठा एकदम उतरतो. आजोबांना दम्याचा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर संध्याकाळच निवडा. फक्त अंबाझरीचा बांध तळ्याच्या पूर्वेला आहे हे लक्षात असू द्या : पाण्याकडे पाठ करून उभे राहिलात तर सकाळी ऊन समोरून येऊन डोळे मिचमिचतात, संध्याकाळी ते पाठीमागून येतं. पाठीमागून येणाऱ्या उन्हात काळे, गडद निळे कपडे नुसत्या काळ्या आकृतीसारखे दिसतात, तर फिकट कपड्यांच्या आणि केसांच्या कडा छान उजळतात. सकाळी अंग थोडं वळवून ऊन एका गालावर घ्या.

आता कपडे. एकच सूत्र धरा : ऊब अंगालगतच्या थरात ठेवायची, वरचा थर फोटोसाठी ठेवायचा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर जास्त गरम ठेवतात, कारण ऊब देते ती दोन थरांत अडकलेली हवा. आणि पातळ थर शरीराचा आकार मोडत नाहीत. फोटोत माणूस बोजड दिसतो तो बहुतेक वेळा खांदा आणि दंड यांच्यावरच्या जाडीमुळे. म्हणून आत पूर्ण बाह्यांचं पातळ थर्मल, मध्ये नेहमीचा कुर्ता किंवा ब्लाउज, आणि वर बिनबाह्यांचं काहीतरी : बंडी, जाकीट, शाल. एवढ्यावर १०-१२ अंशांत मोठी माणसं पाऊण तास आरामात उभी राहतात. नागपूरच्या थंडीला सिमल्याचा कोट लागत नाही. साडेनऊला तोच कोट हातात घेऊन फिरावं लागतं.

थर्मल घेताना तीन गोष्टी बघा. गळा खोल हवा, कारण कुर्त्याच्या किंवा ब्लाउजच्या गळ्यातून डोकावणारी पांढरी पट्टी हाच या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा घात आहे आणि ती फोटो मोठा करून बघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. रंग पांढरा नको, त्वचेच्या जवळ जाणारा हवा; फिकट कपड्याखाली पांढरं उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं दिसत नाही. आणि बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर संपणाऱ्या हव्यात. लांब असतील तर दुमडू नका, दुमडीची गाठ वरून दिसते. सरळ कापून कडेला साधी शिवण मारून घ्या.

साडीचं गणित थोडं वेगळं आहे, तिथे जरा थांबू. बहुतेकींचं ब्लाउज अंगाबरोबर शिवलेलं असतं, त्याखाली थर्मल घातलं की हुक लागत नाहीत आणि लागले तरी काखेत ओढ बसते. ती ओढ फोटोत तिरक्या सुरकुत्यांच्या रूपात दिसते. ब्लाउज उलटं करून बाजूच्या शिवणीत माया (शिवणीबाहेर राखलेलं जास्तीचं कापड) किती ठेवलीय ते बघा. चांगल्या शिंप्याने दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडलेली असते. थर्मलसाठी एकूण घेरात अर्धा ते पाऊण इंच पुरतो, म्हणजे दोन्ही बाजूंची शिवण उसवून प्रत्येकी १/८ इंच किंवा किंचित जास्त पुढे घ्यायची. (शिवण कापडाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही थरांवर असते, त्यामुळे एका बाजूला पाव इंच सरकवली की घेर अर्धा इंच वाढतो.) बाहीलाही तेवढंच सैल करा, नाहीतर हात वर होत नाही आणि बाळ उचलून घेता येत नाही. जुनी शिवण उसवल्यावर रेशमात सुईची भोकं दिसतात. पाण्याची वाफ देऊन, बोटाच्या नखाने आडवं-उभं हलकं घासलं की सुती आणि कोशाच्या (टसर रेशमाच्या) कापडात ती बरीच बुजतात, खणात आणि सॅटिनमध्ये मात्र राहतात. तिथे पर्याय म्हणजे मखमली, पूर्ण बाह्यांचं, बंद गळ्याचं ब्लाउज नवीन शिवणं. मखमल उबदार असते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तिची लव सुंदर दिसते. मात्र शिवताना सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवायला शिंप्याला बजावून सांगा. उलटसुलट लागली तर एक बाही गडद आणि एक फिकी दिसते.

परकराखाली लोकरी लेगिंग घालायची असेल तर साडी सुती, कोशाची किंवा जड रेशमाची निवडा. जॉर्जेट आणि शिफॉन आपल्या कोरड्या हिवाळ्यात अंगाला चिकटतात, निऱ्या पायात अडकतात. चिकटलीच तर परकराला आतून ओलसर हात फिरवा, तेवढ्यापुरता उपाय होतो. लेगिंग घोट्याच्या वर संपवा, कारण गवतावर बसलं की साडी वर सरकते.

साडीवर स्वेटर नको असेल तर शाल आहे, पण ती खांद्यावरून पांघरली की पदर आणि काठ दोन्ही झाकले जातात. तिचा उपाय असा : शालीच्या लांबीत घड्या घालून पट्टा ६-७ इंच रुंद करा. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून शाल उजव्या खांद्यावर घ्या. मागचं टोक पाठीवरून वळवून डाव्या कोपरावर आणा, पुढचं टोक सरळ गुडघ्यापर्यंत सोडा. खांद्यावर आतल्या बाजूने ब्लाउजच्या शिवणीत एक सेफ्टी पिन लावा. नुसत्या कापडात लावली तर शालीच्या वजनाने रेशीम फाटतं. दोन फोटोंच्या मधल्या वेळात हीच शाल उलगडून पांघरता येते. आजींसाठी शाल कायम पांघरलेलीच ठेवायची असेल तर ती साध्या रंगाची, पातळ पश्मिना किंवा मेरिनो लोकरीची घ्या आणि पुढून साडीच्या काठाची चार बोटं दिसू द्या. तेवढ्याने साडी कळते.

आजोबांचा वेश सगळ्यात सोपा, तरी सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. थर्मल, खादीचा कुर्ता, त्यावर लोकरी बंडी. आपण मफलर गळ्याभोवती दोन वेढे देऊन बांधतो, त्यात हनुवटी बुडते आणि मान नाहीशी होते. त्याऐवजी मफलर सपाट करून बंडीच्या आत दोन्ही बाजूंनी सरळ सोडा. गळा झाकला जातो, छातीला एक थर मिळतो आणि बंडीच्या मधून रंगाची उभी पट्टी दिसते. कानटोपी फोटोच्या आधीच्या मिनिटापर्यंत घालूनच ठेवा. काढल्यावर केस ओल्या कंगव्याने नीट करा. आजोबा रोज पांढरी टोपी घालत असतील तर ती तशीच राहू द्या, ती त्यांची ओळख आहे. आणि चष्मा तपासा. उन्हात काळी होणारी काच थंडीत जास्त गडद होते आणि परत स्वच्छ व्हायलाही जास्त वेळ घेते. सकाळी आठच्या गार उन्हात आजोबांचे डोळेच दिसत नाहीत. जुना, साध्या काचांचा चष्मा बरोबर ठेवा.

बाळासाठी अंदाज असा की मोठ्यांनी स्वस्थ उभं असताना जेवढे थर घातलेत त्याहून एक जास्त. अंगाला आधी सुतीच, लोकर थेट त्वचेला नको, टोचली की बाळ रडायला लागतं. सुती झबलं, त्यावर पातळ लोकरी स्वेटर, पायमोजे, वर जाकीट. डोक्याला आपली कुंची, हाच जास्तीचा थर. खणाची किंवा मखमलीची, आत सुती अस्तर असलेली कुंची कान, मान, पाठ सगळं झाकते आणि कुठल्याही विकतच्या टोपीपेक्षा फोटोत गोड दिसते. नाडी सैल, एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधा आणि बाळ झोपलं की काढून टाका. बाळाच्या कपड्यांत पिना अजिबात नकोत. थंडी वाजतेय का हे हातापायांवरून ओळखू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा. तिथे गार लागलं तर थर वाढवा, घाम असेल तर लगेच एक उतरवा, कारण भिजलेला सुती थर उलट गारठवतो. गाडीत बाळाच्या खुर्चीचा पट्टा जाड जाकिटावरून आवळायचा नाही. फुगलेल्या कापडामुळे तो घट्ट वाटतो पण सैल असतो. जाकीट उतरल्यावर घाला.

मुलीला परकर-पोलकं घालायचं असेल तर आत लोकरी लेगिंग आणि पोलक्यावर बिनबाह्यांचं छोटं मखमली जाकीट. नऊ वर्षांची मुलगी पळणार, दवात भिजणार. परकराचा घेर जमिनीपासून तीन बोटं वर हवा.

एक घरगुती गोष्ट, पण महत्त्वाची. पेटीतले लोकरी कपडे फोटोच्या तीन-चार दिवस आधी बाहेर काढा आणि रोज दुपारी उन्हात टाका. डांबरगोळ्यांचा वास असलेले कपडे बाळाला घालू नका, त्याच्या नाकाशी येणारी तुमची शालही त्याच वासाची नको. तो वास काही बाळांना खरोखर बाधतो. धुऊन, उन्हं दाखवूनच वापरा. घड्यांच्या चुण्या वाफेच्या इस्त्रीने कापड न दाबता काढा. बाजारातले बरेच स्वेटर अॅक्रिलिकचे असतात. त्यात वाईट काही नाही, पण कोपरावर आणि काखेत धाग्यांचे बारीक गोळे धरतात आणि तिरप्या उन्हात ते दाण्यांसारखे दिसतात. कापड टेबलावर ताणून साध्या रेझरने हलक्या हाताने एकाच दिशेने उतरवा. लोकर की अॅक्रिलिक हे कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा जाळून बघा : लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते, अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

रंगांबाबत बहुतेक घरं एकसारखे कपडे शिवतात आणि मग सहा माणसं बँडपथकासारखी दिसतात. तीन रंग ठरवा आणि एक फिका रंग जोडीला. सुरुवात ज्यांच्याकडे निवड कमी आहे त्यांच्यापासून करा, म्हणजे आजींपासून. त्यांच्या कपाटात भंडाऱ्याकडची करवती काठाची कोशाची साडी असेल तर तिच्याभोवती बाकी सगळं बसवा. कोसा रेशीमच आहे, सुतापेक्षा उबदार आणि चमक मंद, उन्हात चकाकत नाही. करवतीच्या दात्यांसारखा तो काठ जवळच्या फोटोत फार उठून दिसतो. समजा साडी मधाळ तपकिरी आणि काठ लाल आहे. मग आजोबा पांढुरका कुर्ता आणि मरून बंडी, तुमची साडी गडद निळी, पतीचा कुर्ता राखाडी-निळा, मुलगी मोहरी, बाळ पांढुरकं आणि मरून. काठाचा लाल आजोबांच्या आणि बाळाच्या मरूनमध्ये पुन्हा आला, पण कुणाही दोघांचे कपडे सारखे नाहीत. मोठी नक्षी एकाच्याच अंगावर असू द्या, आणि रुंद काठ हीसुद्धा नक्षीच धरा. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरी उठवतात, त्या टाळा. शुभ्र पांढऱ्याचे बारकावे उन्हात उडतात, काळ्याचे सावलीत. दोन्हींऐवजी पांढुरका आणि गडद निळा घ्या.

पाठीमागे काय आहे त्यावर हे बदलतं. पाण्यासमोर आणि धुक्यात पार्श्वभूमी निळसर-राखाडी असते, तिथे मोहरी, मरून, विटकरी उठतात. सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याकडे डिसेंबरात गवत वाळून पिवळं झालेलं असतं. तिथे कोशाची नैसर्गिक रंगाची साडी गवतात मिसळून जाते, म्हणून आजींच्या खांद्यावर गडद शाल हवीच. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत जाणार असाल तर आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) फळं या सुमारास झाडावर दिसू शकतात. गर्द हिरवं पान आणि नारिंगी फळ यांच्यासमोर निळा आणि पांढुरका रंग खुलतो, केशरी घातलात तर फळांशी स्पर्धा होते. हिरव्यागार लॉनवर बसून काढलेल्या फोटोत हनुवटीखाली हिरवी झाक येते. पांढुरकी सतरंजी अंथरली की ती जाते. आणि झगझगीत गुलाबी, पोपटी स्वेटर चेहऱ्यावर आपला रंग टाकतो, तो लहान मुलांनाही नको.

पायांकडे शेवटी लक्ष जातं आणि फोटो तिथेच बिघडतो. साडेआठपर्यंत गवतावर दव असतं. कोल्हापुरी चप्पल दवात भिजली की चामडं ढिलं पडतं आणि टाचांना रंग लागतो. जुन्या बुटांत चालत जा, जागेवर पोहोचल्यावर पादत्राणं बदला. दोन मोजे कोंबून घट्ट बूट घालण्यापेक्षा एकच लोकरी मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा जास्त गरम असते. बसायच्या जागी आधी प्लॅस्टिक, त्यावर जाड गोधडी, वर सतरंजी. नुसत्या सतरंजीतून ओल पाच मिनिटांत वर येते.

नागपूरची हवा हिवाळ्यात त्वचा ओढून घेते. आदल्या रात्री हातापायांना तेल किंवा मलम लावा, नाहीतर सकाळी घोटे आणि कोपरं पांढरी पडतात आणि ती उन्हात चेहऱ्याआधी दिसतात. ओठांना व्हॅसलीन घरून निघतानाच. केसांना मात्र सकाळी खोबरेल नको. ते थंडीत थिजतं आणि केस चपटे, चिकट दिसतात.

दुचाकीवर येणारे असाल तर फोटोचे कपडे झाकेल असं विंडचीटर वरून घाला, कानाला रुमाल बांधा, मफलर मागे सोडू नका आणि पदर खोचून घ्या. चालत्या गाडीवरचा वारा अंग असं गारठवतो की नाक पुढची वीस मिनिटं लाल राहतं. पोहोचल्यावर आधी दहा मिनिटं उन्हात बसा. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. चहा चालेल, पण कपडे सांभाळून. तर्री-पोहे फोटो संपल्यावरच : तर्रीचा एक थेंब खादीवर पडला की तो दिवस गेला.

आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांनी पूर्ण वेश घालून खिडकीजवळ उभं राहा आणि मोबाईलवर चार फोटो काढा. एक उभे राहून, एक मांडी घालून, एक हात वर करून, एक बाळ उचलून. प्रत्येक फोटो मोठा करून गळा, मनगट, घोटा आणि काख एवढ्या चार जागा बघा. थर्मल डोकावत असेल ते तिथेच. बरोबर घ्यायच्या पिशवीत सहा-आठ सेफ्टी पिना, सुईदोरा, छोटा कंगवा, बाळाचा कपड्यांचा पूर्ण दुसरा जोड आणि एक रिकामी पिशवी ठेवा. साडेनऊच्या उन्हात उतरवलेले मफलर, कानटोप्या आणि थर्मल तिच्यात जातील.